किशोरी गट, सांगली: हिमोग्लोबिन, खाऊ आणि गप्प झालेल्या मुली

वारणेकाठची (धागाकर्ती)

सांगलीत नदीच्या बाजूच्या एका वस्तीत १२ ते १७ वयाच्या चाळीसेक मुलींचा गट आहे. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दीड-दीड तास. बहुतेकींच्या आया धुणीभांडी करतात किंवा हळदीच्या वखारीत जातात. वडील हमाली, सेंट्रिंग, रिक्षा. निम्म्या मुली नववी-दहावीत, काही शाळा सोडलेल्या.

रक्ततपासणी झाली. बहुतेकींचं हिमोग्लोबिन ९ ते ११, चौघींचं ८ च्या खाली. लोहाच्या गोळ्या वाटल्या, पण पाकिटं घरात तशीच पडून आहेत. "मळमळतं", "शी काळी होते", "आई नको म्हणते" ही कारणं. सकाळी चहा-खारी, शाळा सुटली की पाच रुपयांचं पाकीट, रात्री जे उरेल ते. त्यात दोघी-तिघींना बारीक व्हायचंय, म्हणून रात्रीचं बंद.

दुसरी काळजी अशी, की पाच-सहा मुली गेल्या काही महिन्यांत अगदी गप्प झाल्यात. येतात, कोपऱ्यात बसतात, विचारलं की "काही नाही". शाळेत सांगितलं तर "वयच तसं आहे" एवढंच उत्तर मिळालं.

खाऊसाठी महिन्याला ४,००० रुपये हाताशी आहेत. एक देणगीदार प्रोटीन पावडरचे डबे द्यायला तयार आहेत. सुरुवात कुठून करावी? या पैशात काय खायला घालावं? आणि गप्प बसणं अशक्तपणाचं की मनाचं, हे ओळखायचं कसं? सरकारी योजनांपैकी सांगलीत नक्की काय लागू आहे तेही कुणी सांगितलं तर बरं होईल.

---

सिस्टर_कुपवाड

ताई, आधी त्या चौघी. बाकी सगळं पुढच्या आठवड्यात केलं तरी चालेल.

१२ वर्षांवरच्या मुलीला १२ ग्रॅमच्या खाली रक्तक्षय धरतात. ११ ते ११.९ सौम्य, ८ ते १०.९ मध्यम, ८ च्या खाली तीव्र. तीव्र म्हटलं की वस्तीत गोळ्या देऊन वाट बघायची नाही. नागरी प्राथमिक आरोग्य केंद्रातून चिठ्ठी घ्या आणि सांगलीच्या शासकीय रुग्णालयात किंवा मिरजेला न्या. जिना चढताना दम लागतोय, छातीत धडधडतंय, पायावर सूज आहे, यातलं काही असेल तर त्याच दिवशी. तिथे पूर्ण रक्तगणना म्हणजे सीबीसी करायला सांगा. त्यात एमसीव्ही म्हणून आकडा असतो. तो ८० च्या खाली असेल तर लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमियाचा (आनुवंशिक रक्तविकाराचा) अंश, १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फोलेटची शंका. बोटाच्या थेंबावरून हे कळत नाही.

आता बाकीच्या. शिबिरातल्या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नका. बोट दाबून दाबून रक्त काढलं की त्यात पेशींमधलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. स्पिरिट वाळायच्या आत टोचलं तरी तेच. हात गार असतील तर कोमट पाण्यात धरायला लावा, पहिला थेंब पुसा, पुढचा आपोआप येऊ द्या. डिजिटल मीटर असेल तर पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच लावा. पावसाळ्यात दमट हवेने पट्ट्या बिघडतात आणि सगळ्या गटाचे आकडे एकाच दिशेने चुकतात. साहली पद्धत असेल तर आम्लात रक्त घातल्यावर दहा मिनिटं थांबायला हवं. शिबिरात गर्दी असली की दोन मिनिटांत रंग जुळवतात. १८ च्या खालच्या मुलींचं रक्त घेताना पालकांची लेखी संमती घ्या, नाहीतर पुढच्या खेपेला दार उघडणार नाहीत.

गोळ्यांचा घोळ बहुतेक ठिकाणी एकच होतो. सरकारी निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आठवड्याला एक गोळी हा प्रतिबंध झाला. ज्यांचं रक्त आधीच कमी आहे त्यांचा उपचार वेगळा: 'ॲनिमिया मुक्त भारत' या सरकारी कार्यक्रमाच्या पद्धतीप्रमाणे ८ ते ११.९ असलेल्या मुलींना रोज दोन गोळ्या, जेवणानंतर, तीन महिने, केंद्रातल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. शिबिरानंतर सगळ्यांना सरसकट आठवड्याची एक गोळी दिली असेल तर ९ वाली मुलगी वर्षभर ९ वरच राहणार, आणि वस्ती म्हणणार की गोळ्यांचा उपयोग नाही.

मळमळीवर उपाय सोपा आहे. उपाशीपोटी नाहीच. चहा-खारीवर घेतलेली गोळी उलटून येणारच, आणि चहातलं टॅनिन लोह धरून ठेवतं ते वेगळंच. चहा आणि गोळीत निदान एक तास जाऊ द्या. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर तीही दुसऱ्या वेळी. रात्री जेवून, झोपायच्या आधी घेतली की मळमळ झोपेत निघून जाते. तरी त्रास झाला तर एक दुपारी, एक रात्री. शी काळी होणार, हे गोळी देण्याआधी सांगा. नंतर सांगितलं की सारवासारव वाटते.

महिन्याने पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅम वाढायला हवं. वाढलं नाही तर पहिला प्रश्न "घेतेस का?" हा नाही, कारण उत्तर "हो" असंच येतं. उरलेल्या गोळ्या मोजा. घेऊनही वाढत नसेल तर पाळी विचारा: सात दिवसांपेक्षा जास्त, तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, मोठ्या गाठी पडतात? मग गोळीने जेवढं भरतं तेवढं निघून जातंय. डॉक्टरांकडे पाठवा. जंताची गोळी, अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम, वर्षातून दोनदा, चावून. फेब्रुवारीतला जंतनाशक दिन १० तारखेला असतो. शाळा सोडलेल्या मुली त्यात नेमक्या सुटतात, त्यांना अंगणवाडीतून मिळते.

---

हिशोबी_ताट

सिस्टरांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. आता खाऊचं.

स्पष्टच सांगते, आठवड्यातून दोनदा दिलेल्या खाऊने कुणाचं हिमोग्लोबिन वाढत नाही. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १३ ते १५ वयाच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह आणि ४३ ग्रॅम प्रथिनं लागतात, १६ ते १८ ला ३२ आणि ४६. आता ताट मांडून बघा. बाजरीच्या तीन मध्यम भाकरी, म्हणजे दीडशे ग्रॅम पीठ: साडेनऊ मिलिग्रॅम. मूठभर कोरड्या मटकीची उसळ, ३० ग्रॅम: सव्वादोन. तेवढेच शेंगदाणे: एक. एक वाटी शिजलेली पालेभाजी: तीन-चार. सगळं नीट खाल्लं तरी सोळा-सतरा. बाजरीऐवजी ज्वारी घेतली तर त्यातले साडेतीन कमी होतात, आणि रेशनच्या भातावर दिवस काढणाऱ्या घरात तर बोलायलाच नको. म्हणून रक्त वाढवायचं काम गोळीचं. खाऊचं काम गोळी पोटात टिकवणं, प्रथिनं देणं आणि मुलींना गटात आणणं. हे एकदा मान्य केलं की चार हजारांचं काय करायचं ते सोपं होतं.

आठ बैठका, चाळीस मुली, म्हणजे ३२० ताटं. माणशी साडेबारा रुपये. एका दिवशी उकडलेलं अंडं, दुसऱ्या दिवशी मटकी. लाडू अधूनमधून.

अंडं: सहा-सात ग्रॅम चांगलं प्रथिन, शिवाय बी-१२, जे डाळी-भाज्यांत नाही आणि लोहाच्या गोळीतही नाही. बी-१२ कमी असेल तर थकवा येतो, जीभ लाल गुळगुळीत होते, हातापायाला मुंग्या येतात, चिडचिड होते, मन उदास राहतं. पूर्ण शाकाहारी घरातल्या मुलींत हे हमखास बघा. न खाणाऱ्यांना ३० ग्रॅम फुटाणे आणि वाटीभर दही. नुसत्या फुटाण्यांनी प्रथिनांची भरपाई होते, बी-१२ ची नाही, म्हणून दही. ताक पातळ करून दिलंत तर हातात काही राहात नाही.

मटकी: चाळीस जणींना एक किलो कोरडी. आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, कापडात बांधून दहा-बारा तास. थंडीत आणखी पाच-सहा तास लागतात. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये कापड मधे एकदा धुवून परत बांधा, नाहीतर चिकट होते आणि आंबूस वास येतो. तशी झाली तर टाकून द्या, फोडणीने वास झाकू नका. मोड आल्याने लोह शोषायला आडवं येणारं फायटेट कमी होतं. कच्ची देऊ नका. उघड्यावरच्या पाण्यात भिजलेली असते, पोटं बिघडतील. सहा-सात मिनिटं वाफवा, कांदा-कोथिंबीर, आणि लिंबू खाली उतरवून कोमट झाल्यावर. उकळत्यात पिळलं की क जीवनसत्त्व जातं. चौघींत एक लिंबू पुरतं. स्वस्तात मिळतील तेव्हा पेरू किंवा आवळे घ्या, लिंबापेक्षा सरस.

लाडू, चाळीस नग, प्रत्येकी ३० ग्रॅम: शेंगदाणे ५०० ग्रॅम, तीळ १५०, फुटाण्याचं डाळं १५०, मऊ गूळ ४००. दाणे मंद आचेवर भाजून सालं पाखडा. सुरकुतलेला, काळपट, कडू दाणा एकही ठेवू नका, बुरशीचं विष त्यातच असतं. तीळ तडतडले की उतरवा, तांबूस झाले की कडवट. पाक नको. दाणे कोमट असतानाच किसलेला गूळ घालून कुटा. मिक्सर सलग फिरवला तर तेल सुटून गोळा होतो, थांबत थांबत फिरवा. चिक्कीचा गूळ वापरू नका, लाडू दगड होतात. एका लाडवात साधारण १४० कॅलरी, चार-साडेचार ग्रॅम प्रथिन, दीड मिलिग्रॅम लोह.

खाऊ तिथेच, बसून, एकत्र खायचा. घरी नेला की धाकट्या भावाच्या हातात जातो, आणि त्यात मुलीचा किंवा आईचा दोष नाही, भूक सगळ्यांनाच आहे. बैठकीच्या सुरुवातीला द्या, शेवटी नव्हे. उपाशी मुलगी दीड तास काय ऐकणार?

पावडरचे डबे: डब्यामागचे घटक वाचा. पहिल्या दोनांत साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन असेल तर ती चॉकलेटच्या चवीची साखर आहे. शिवाय डबा संपला की सवय तुटते. देणगीदारांना सांगा, शेंगदाण्याचं पोतं, मटकी आणि हिमोग्लोबिनच्या पट्ट्या द्या. नाव फलकावर लावू म्हणावं.

---

मिरज_मिरची

रेशनच्या तांदळाचा एक मुद्दा राहिला. फोर्टिफाइड तांदूळ येतो तेव्हा शंभर दाण्यांमागे एक दाणा लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ घातलेला असतो. तो थोडा वेगळा दिसतो, पाण्यात तरंगतो. बायका "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून नेमके तेच दाणे वेचून टाकतात. किलोमागे २८ ते ४२.५ मिलिग्रॅम लोह हे त्याचं प्रमाण, म्हणजे दीडशे ग्रॅम तांदळामागे चार-सहा मिलिग्रॅम. फुकटचं जातंय. आयांच्या बैठकीत मूठभर तांदूळ घेऊन ते दाणे शिजवून, कुस्करून दाखवा. भाषणाने हा समज जात नाही. तांदूळ दोनदाच धुवा, आणि पेज ओतून देऊ नका.

---

ऐकणारा_कान

गप्प मुलींबद्दल. अशक्तपणाचं की मनाचं, हा प्रश्न दोनातलं एक निवडा अशा पद्धतीने विचारू नका. रक्तक्षयात थकवा, चिडचिड, लक्ष न लागणं, झोपाळूपणा असतो. नैराश्यातही हेच असतं. शिवाय उदास मुलगी जेवत नाही, न जेवता गोळी उलटते, गोळी सुटली की थकवा वाढतो आणि थकलेली मुलगी आणखी कोपऱ्यात जाते. त्यामुळे रक्ताची तपासणी आणि मनाची चौकशी दोन्ही एकाच आठवड्यात करा. "आधी रक्त वाढू दे, मग बघू" यात तीन महिने जातात.

काही खुणा मात्र वेगळ्या असतात. नुसता रक्तक्षय असलेली मुलगी दमते, पण आवडीची गोष्ट समोर आली की डोळे चमकतात. नैराश्यात आवडच जाते. रांगोळी, कबड्डी, मोबाइलवरची गाणी, कशातच जीव रमत नाही. झोप मधेच मोडते किंवा पहाटे तीन-चारला जाग येते. स्वतःबद्दल "मीच वाईट", "माझ्यामुळे घरात भांडणं" असं बोलणं येतं.

एकटीला, बाकीच्या खात असताना, बाजूला दोन प्रश्न विचारा. गेल्या दोन आठवड्यांत (१) काही करण्यात रस वाटला नाही, असं किती दिवस झालं? (२) उदास, निराश वाटलं, असं किती दिवस? उत्तराला गुण: अजिबात नाही ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३. दोन्हींची बेरीज ३ किंवा जास्त आली तर पुढची तपासणी हवी. हे निदान नाही, चाळणी आहे. गटात हात वर करायला लावून कधीच विचारू नका, वजनही सगळ्यांसमोर मोठ्याने वाचू नका. कार्डावर नावाऐवजी क्रमांक, काट्यावर एकावेळी एक. बारीक व्हायच्या नादातल्या मुलींना वजनाचा आकडा नव्हे, उंचीच्या तुलनेतला बीएमआय सांगा: जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात १२ व्या वर्षी १४.४, १४ व्या वर्षी १५.४, १६ व्या वर्षी १६.२ च्या खाली म्हणजे कृश.

जीव देण्याबद्दल थेट विचारा. विचारल्याने डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "आपण नसतो तर बरं झालं असतं असं वाटतं का?" इथून सुरू करा. हो म्हणाली तर "जीव द्यावासा वाटतो का? कसं, कधी, ठरवलंयस का?" ठरवलेलं असेल तर तिला एकटी सोडायचं नाही, विश्वासातलं मोठं माणूस सोबत घेऊन त्याच दिवशी शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात. घरातलं उंदराचं, ढेकणाचं औषध हलवायला सांगा. आणि सिस्टरांच्या मुद्द्यात एक भर: अशा मुलीच्या हातात महिन्याच्या साठ गोळ्या देऊ नका. लोहाच्या गोळ्या जास्त पोटात गेल्या तर जिवावर बेततं, घरातल्या लहान भावंडांच्याही. सगळ्यांनाच एका आठवड्याचं पाकीट द्या, कुणी वेगळं पडत नाही, आणि रिकामं पाकीट परत आणलं की मोजणीही होते.

गुपिताबद्दल खोटं वचन देऊ नका. बोलणं सुरू व्हायच्या आधी सांगा: "तू सांगशील ते माझ्यापाशी राहील. पण तुझ्या जिवाला धोका असेल किंवा कुणी तुला त्रास देत असेल, तर मला एका माणसाला सांगावं लागेल, आणि ते तुला सांगून करीन." १८ खालच्या मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोक्सो कायद्यात पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, स्वयंसेवकालाही. लग्न ठरवत असतील तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. टेलिमानस १४४१६ ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन फुकट आहे, मराठीत बोलतात. घरात फोन वडिलांचा असतो, म्हणून गटाच्या वेळात गटाच्या फोनवरून लावून द्या आणि स्वतः दाराबाहेर बसा.

नदीकाठच्या वस्तीत आणखी दोन गोष्टी विचारायला विसरू नका. एक, संडास. सार्वजनिक संडासाला अंधारात जायला नको म्हणून मुली संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत आणि रात्रीचं अर्धं जेवण टाळतात. तुम्ही ज्याला "बारीक व्हायचंय" म्हणताय त्यातलं काही हे असू शकतं. मग आहारावर व्याख्यान देण्यापेक्षा संडासाच्या वाटेवर दिवा बसवून घेणं आणि आठ वाजता चौघींनी मिळून जाणं याचा उपयोग जास्त. मोठं जेवण सहाच्या आत उरकता येतं का, तेही आईशी बोला. दोन, पूर. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर इशारा पातळीला आणि ४५ ला धोका पातळीला जातं हे तिथल्या पोरींना पाठ असतं. २०१९ आणि २०२१ चे पूर पाहिलेल्या मुली जुलै लागला की झोपत नाहीत, दर तासाला पाणी किती आलं बघतात. त्याला "वय" म्हणून सोडू नका.

---

वॉर्डातला

योजनांचं थोडक्यात. माध्यान्ह भोजन आठवीपर्यंतच. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी, म्हणजे ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिन हे प्रमाण आहे. नववीत गेली की दुपारचं ताट बंद, आणि गरज तर नेमकी तेव्हाच वाढलेली. माझं मत विचाराल तर मर्यादित पैसा नववी-दहावीच्या आणि शाळा सोडलेल्या मुलींवर आधी खर्च करा.

किशोरवयीन मुलींची जी केंद्राची पोषण योजना आहे ती आता १४ ते १८ वयासाठी, पण फक्त आकांक्षित (केंद्राने मागास म्हणून निवडलेल्या) जिल्ह्यांत आणि ईशान्येकडच्या राज्यांत. महाराष्ट्रात नंदुरबार, वाशीम, धाराशिव, गडचिरोली. सांगली त्यात नाही, उगाच अंगणवाडीताईंशी वाद घालू नका. लोहाची साप्ताहिक गोळी मात्र १० ते १९ वयाच्या शाळा सोडलेल्या मुलींनाही अंगणवाडीतून मिळायला हवी, ती मागा.

रेशन कार्डावर मुलीचं नाव आहे का बघा. प्राधान्य कुटुंबात माणशी ५ किलो धान्य मोफत आहे, नाव नसेल तर तेवढं घरात कमी येतं. पॅडसाठी जनऔषधी केंद्रात 'सुविधा' नावाचं पॅड एक रुपयाला एक. शासकीय रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींसाठी 'मैत्री' नावाचं केंद्र असतं. केस पेपर काढताना तेच नाव घ्या, नाहीतर साध्या ओपीडीच्या रांगेत उभं करतील.

---

वारणेकाठची

सगळ्यांचे आभार. पालकांना विचारून चाळणीचे प्रश्न आणि आठवड्याचं पाकीट दोन्ही सुरू करतोय. अडकलंय ते असं: ८ खालच्या चौघींपैकी एकीची आई रुग्णालयात न्यायलाच तयार नाही. "असल्या गोळ्या-सुयांनी पुढं पोरगीला मूल होत नाही" म्हणते. आणि गटातल्या बऱ्याच जणी नवरात्रात नऊ दिवस उपास धरतात, चहा आणि साबुदाण्यावर. तेव्हा गोळी बंद ठेवायची का?

---

सिस्टर_कुपवाड

बंद नाही. उपासाचं जे काही मोठं खाणं असेल त्याच्या नंतर घ्यायची. कडक निर्जळी धरणारी असेल आणि हिमोग्लोबिन १० च्या आत असेल तर उपास न धरण्याबद्दल घरच्या आजीशी बोला, आईशी नव्हे. उपासाचा शब्द आजीचा असतो.

त्या आईशी मुलीसमोर वाद नको. "मूल होत नाही" याला "खोटं आहे" असं उत्तर दिलं की दार बंद. तिला विचारा, गरोदरपणात तुम्हाला लोहाच्या गोळ्या दिल्या होत्या का? बहुतेक आयांना दिलेल्या असतात, आणि पोरगी समोर उभी असते. मग सांगा की हेच रक्त पुढे बाळंतपणात लागणार आहे, आणि ८ च्या खाली असलेल्या बाईला बाळंतपणात रक्तस्राव झाला तर हातात वेळ कमी उरतो. वस्तीतल्या आशाताई बरोबर हव्यात. रोजंदारी बुडते हे खरं कारण असतं पुष्कळदा, तर सोबत कोण जाणार ते आधी ठरवून मगच जा. आई एकच दिवस येईल, त्यात सीबीसी, डॉक्टर आणि औषध तिन्ही उरकेल असं बघा. फेऱ्या मारायला लावल्या की संपलं. आणि हे दोन भेटींत जमलं नाही तर केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना घरी घेऊन जा. ८ खालची मुलगी समजूत पटेपर्यंत थांबू शकत नाही.

---

हिशोबी_ताट

साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाहीच, नुसता स्टार्च. उपासाला चालणारंच घ्या, पण वेगळं: राजगिऱ्याचे लाडू (राजगिऱ्यात शंभर ग्रॅमला साधारण ८ मिलिग्रॅम लोह, १३ ग्रॅम प्रथिन), वरईचा भात आणि दाण्याची आमटी, दूध, केळं, लिंबू सरबत. खिचडी करायचीच तर साबुदाण्याच्या निम्म्याने दाण्याचं कूट. चहा दिवसात दोनच, आणि गोळीपासून लांब. नवरात्रातल्या दोन्ही बैठकींना अंडं-मटकी ऐवजी राजगिरा लाडू आणि दूध ठेवा, म्हणजे उपासवाल्या मुली वेगळ्या बसणार नाहीत.

---

ऐकणारा_कान

पुराच्या बाबतीत एक राहिलं होतं. स्थलांतर झालं की मुली कुठल्यातरी शाळेच्या वर्गात राहतात आणि गोळ्या, पॅड, कार्ड सगळं मागे राहतं. जून संपायच्या आत प्रत्येकीला एक प्लास्टिकची पिशवी करून द्या: दोन आठवड्यांच्या गोळ्या, बारा पॅड, हिमोग्लोबिनचं कार्ड, रेशन कार्डाची झेरॉक्स, १०९८ आणि १४४१६ लिहिलेली चिठ्ठी, बॅटरी. जिच्याबद्दल जिवाची काळजी आहे तिच्या गोळ्या मात्र ताईंकडेच. पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावायची. मुलींनाच भरू द्या. पाणी चढलं तर काय करायचं हे हाताशी आहे, एवढ्याने त्यांची रात्रीची झोप थोडी सुधारते.